एबीसीडी पाठ आहे, पण शब्द वाचता येत नाही. घरी काय करावं?

ओवीचा बाबा (सांगली):
लेक दुसरीत, मराठी माध्यम. मराठी झकास वाचते. दुकानांच्या पाट्या, औषधाची लेबलं, माझ्या मोबाइलवरचे नको ते मेसेजसुद्धा. इंग्रजीला गाडी अडते. 'सी, ए, टी' म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. शेजारी मांजराचं चित्र असेल तर लगेच 'कॅट'. चित्र झाकलं की ठप्प. फोनिक्सच्या (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवतात त्या) क्लासची फी ऐकून गप्प घरी आलो. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं, उच्चार गावरान. शेजारी म्हणतात इंग्रजी माध्यमात टाका. ते आम्हाला करायचं नाही.

खडूफळा:
टाकूही नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, आता निवृत्त. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हापासून हेच बघतेय. पोर वाचायला शिकलेलं आहे हो, फक्त तुम्ही तिला आवाजाऐवजी नावं दिलीत. मराठीत 'क'चं नाव क आणि आवाजही क. इंग्रजीत नाव 'सी', आवाज 'क्'. मग सी-ए-टी जोडून तिने कॅट कुठून आणायचं?

सव्वीसच्या सव्वीस बाजूला ठेवा. एस, ए, टी, पी, आय, एन एवढी सहाच घ्या. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापा, एकेकावर एकेक छोट्या लिपीतलं अक्षर. आवाज पाय मोडून म्हणायचे: स्, ॲ, ट्, प्, इ, न्. 'स' म्हणालात तर सॅटचं 'सॲट' होतं, आणि पोर तिथेच अडकतं. स् आणि न् लांबवता येतात, म्हणून सॅट, सिट, नॅप आधी. ॲ तिला बॅट-बॅगमुळे येतोच, 2009पासून तर तो आपल्या वर्णमालेतही आहे. जोडाक्षरं येणाऱ्या पोराला पुढे 'स्टॉप' जड जात नाही. जड जातं ते एस-एच मिळून एकच श. ते पुष्कळ नंतर.

बँकवाला:
इतका खटाटोप कशाला? शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून द्या. आम्ही असेच शिकलो.

खडूफळा:
लिहा, आणि तिची नजर कुठे जाते ते बघा. सरळ मराठी ओळीवर! इंग्रजी अक्षरांकडे कोण बघतंय मग? शब्दाचा अर्थ मात्र मराठीत खुशाल सांगा.

लेस्टरची आई:
आमच्याकडेही घरात मराठीच. इंग्लंडमध्ये पहिल्या इयत्तेत, साधारण सहाव्या वर्षी, फोनिक्सची तपासणी असते. चाळीस शब्द, त्यांतले वीस चक्क बनावट. त्या बनावट शब्दांशेजारी विचित्र प्राण्यांची चित्रं असतात, म्हणजे हा खरा शब्द नाही हे मुलाला कळावं. पहिल्यांदा ऐकून मला हसू आलं होतं, पण तुमच्या चित्रवाल्या अडचणीवर औषध तेच आहे. त्या सहा अक्षरांतून 'निस', 'टॅप', 'पॅस' असे खरे-खोटे मिसळून लावा. अंदाज चालत नाही, वाचावंच लागतं. खोट्या शब्दाचा राक्षस तिलाच काढू द्या.

ओवीचा बाबा:
हे जमेल. पण माझे उच्चार? व्ही आणि डब्ल्यू दोन्ही मला 'व'च.

खडूफळा:
अर्ध्या महाराष्ट्राला 'व'च. वाचन त्याने अडत नाही. 'द', 'वॉज', 'सेड' असले नियम न पाळणारे शब्द मात्र जोडत बसू नका, बघून ओळखू द्या. सहा अक्षरांचे शब्द न अडखळता यायला लागले की प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट उघडा. फुकट आहे. पुष्कळ गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे मिळतात. पहिल्या पातळीची घ्या, आधी मराठी वाचू द्या, मग तीच इंग्रजीत. दहा मिनिटांच्या वर बसवू नका, आणि जेवायच्या वेळी तर नकोच.

ओवीचा बाबा:
पत्रिका कापल्या. पहिला राक्षस 'निस', त्याला तीन नाकं आहेत. 'टॅस' तिने न विचारता वाचला. 'पिन'ला मात्र अजून 'पेन' म्हणते, त्याचं काय करू?

खडूफळा:
पिन आणि पेन दोन्ही हातात द्या, आणि 'ई' आत्ताच सातवं अक्षर म्हणून घ्या.