मदत हवी आहे: सायप्रसमध्ये घर घेताना

नमस्कार मंडळी. बायकोला लिमासोलमध्ये नोकरी लागली, दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून तिकडे जातोय. लार्नाकाला एक जुना फ्लॅट मनात भरलाय. गच्चीवर सोलरची टाकी, खाली लिंबाचं झाड, बाल्कनीतून समुद्राची पट्टी दिसते. पण मालकाच्या नावावर टायटल डीड (मालकीचा अधिकृत दाखला) अजून निघालेलंच नाही आणि जमिनीवर बिल्डरच्या कर्जाचा बोजा आहे. खरेदीचा करार लँड रजिस्ट्रीत (जमीन नोंदणी कार्यालयात) जमा केला की झालं, असं एजंट म्हणतो. पण आधीचा बोजा त्याने उतरत नाही ना? आयुष्यभराची पुंजी आहे, रात्री झोप लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षाला माणशी २,५०,००० डॉलरच पाठवता येतात, म्हणून हप्तेही जुळवायचेत. तिथे घर घेतलेलं कुणी आहे का? विकणाऱ्याशी लागेबांधे नसलेला वकील कसा शोधलात? परदेशी म्हणून खरेदीची परवानगी मिळायला किती महिने लागले?