मदत हवी आहे : थंड हवेतली पहिलीच क्रूझ, काय काय लागेल?

रेवा_एम
आत्तापर्यंतच्या आमच्या सगळ्या क्रूझ उन्हातल्या. चार टीशर्ट, चपला, पोहायचे कपडे, सनस्क्रीन, झालं पॅकिंग. या वेळी पुण्याहून सासू-सासरे इथे अमेरिकेत येणार आहेत म्हणून सात रात्रींची थंडीतली क्रूझ बघतोय. ऑफर रविवारी रात्री संपते, त्यामुळे त्याआधी ठरवायचंय.

१. कपडे कसले आणि किती? सासूबाईंना थंडी अजिबात सोसत नाही.
२. बाल्कनीचे जास्तीचे पैसे द्यावेत का? कॅरिबियनला आम्ही नेहमी आतली खोली घेतो, खोलीत बसतं कोण.
३. जहाज जास्त हलतं का?
४. शाकाहारी जेवणाचं काय?

जुन्या धाग्यांच्या लिंका देऊ नका प्लीज, सगळे वाचलेत. त्यात फक्त सिंगापूर आणि बहामा आहे. जाणकारांनी लवकर सांगा.

दर्यासारंग
थंडीतली म्हणजे नक्की कुठली? अलास्का, नॉर्वे, अंटार्क्टिका, प्रत्येक ठिकाणची थंडी वेगळी. महिना कोणता? जहाज सुटतं कुठून? एवढं कळल्याशिवाय एकाही प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

उत्तरवारा
माझं ऐका, नॉर्वे करा. तेही हिवाळ्यात. बर्गनहून किर्केनेसला जाणारी किनारी बोटसेवा १८९३ पासून चालू आहे. टपाल आणि माल पोचवण्यासाठी सुरू झालेली, आजही लहान लहान बंदरांत थांबत जाते. मोठ्या क्रूझसारखे कॅसिनो आणि शो नसतात, डेकवर उभं राहायचं आणि बाहेर बघायचं. ट्रॉम्सोच्या आसपास आकाश मोकळं मिळालं तर नॉर्दर्न लाइट्स. आम्ही गेलो तेव्हा जहाजावर रात्री घोषणा व्हायची आणि लोक झोपेतून उठून, नाइट ड्रेसवर जाकीट चढवून वर पळायचे. एकदा हे बघितलं की कॅरिबियनचं नाव काढणार नाही तुम्ही.

रेवा_एम
अलास्का हो! लिहिलं नाही का मी? जूनचा तिसरा आठवडा, सिएटल ते सिएटल. थांबे जुनो, स्कॅगवे, एंडिकॉट आर्म (हिमनदीची खाडी), केचिकन आणि शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया. नॉर्वे नको, मुलांना सुट्टी उन्हाळ्यात आहे. नॉर्दर्न लाइट्स अलास्कातही दिसतात ना? मुलगी रोज विचारते.

दर्यासारंग
जूनमध्ये नाही दिसणार. जुनोला त्या आठवड्यात दिवस अठरा तासांहून मोठा असतो आणि उरलेल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. मुलीला आत्ताच सांगून ठेवा. त्याबदल्यात व्हेल नक्की दाखवा. हंपबॅक व्हेल हिवाळा हवाईच्या कोमट पाण्यात काढतात आणि उन्हाळ्यात खायला अलास्कात येतात. जुनोला ऑक बे या धक्क्यावरून लहान बोटी सुटतात, बहुतेक बोटींत बसायला बंद, गरम जागा असते. सगळ्या खर्चात एकच सहल परवडणार असेल तर ही घ्या.

पमाकाकू
रेवा, सासूबाईंचं वय काय गं? गुडघे कसे आहेत? थंडीचं एवढं मनावर घेऊ नकोस. आम्ही दोघं सत्तरीचे असताना गेलो होतो. माकडटोपी, एक जाड लोकरी स्वेटर आणि शाल, एवढ्यावर निभावलं. जहाजात आत गरमच असतं. उगाच त्या महागड्या जाकिटांवर पैसे घालू नकोस.

अभि_बेलव्ह्यू
पमाकाकू, माफ करा, पण इथे मी असहमत आहे. तुम्हाला कोरडा आठवडा मिळाला असेल. तिथे प्रश्न थंडीचा कमी आणि पावसाचा जास्त आहे. जूनमध्ये तापमान साधारण १० ते १८ अंश, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळइतकं. पण केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा जास्त, आणि तो चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही, वर्षभर पडतो. जाड स्वेटर भिजला की अंगावर ओझं होतं आणि जहाजाच्या खोलीत दोन दिवस वाळत नाही. शालीतून वारा सरळ आत येतो.

रेवाताई, एका जाड कपड्याऐवजी तीन पातळ थर घ्या. आत थर्मल, मधे फ्लीस (मऊ, हलकं उबदार जाकीट), वर टोपी असलेलं वॉटरप्रूफ रेनजॅकेट. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं नको, वॉटरप्रूफच हवं. जीन्स शक्यतो नको, भिजली की दिवसभर गार लागते. पटकन वाळणारी पँट, पाणी आत न जाणारे बूट, लोकरीचे मोजे, हातमोजे, कानटोपी. छत्री नेऊ नका, डेकवर वाऱ्याने उलटी होते. थर्मल दोन जोड पुरतात. सासूबाईंना थर्मलवर सलवार-कुर्ता घालता येईल, साडी मात्र डेकवर आणि बोटीच्या शिडीवर जड जाईल. थर्मल, फ्लीस पुण्यात स्वस्तात मिळतात, त्यांनाच तिकडून आणायला सांगा. आणि पोहायचे कपडे वगळू नका, गरम पाण्याच्या टबात बसून डोंगर बघण्यात मजा आहे.

पमाकाकू
अभि, पाऊस आम्हालाही लागला होता की. वर पोंचो घातला होता. असो. माकडटोपी मात्र ने गं रेवा, त्या फॅन्सी टोप्यांनी कान झाकत नाहीत.

कडेकपारी
बाल्कनीवर बोलतो. घ्याच. कॅरिबियनला जहाज रात्री चालतं, सकाळी बेटावर लागतं, खोली फक्त झोपायला. अलास्कात जहाजातूनच बघायचं असतं सगळं. सकाळी पाच वाजता चहा घेऊन पांघरूण लपेटून बाल्कनीत बसायचं, समोरून किनारा सरकत असतो. आतल्या खोलीत हे कळणारही नाही.

दर्यासारंग
कडेकपारी, सरसकट 'घ्याच' म्हणू नका. बाल्कनीतून एकच बाजू दिसते. व्हेल दुसऱ्या बाजूला आला की पळायचंच. एंडिकॉट आर्मच्या टोकाला डॉज हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरतं, दोन्ही बाजूंना दिसतं, पण खरी जागा वरचा उघडा डेक किंवा पुढचं टोक. मी तिथे कठड्याला टेकून उभा होतो. पाण्यावर बर्फाचे तुकडे, काही पांढरे, काही बाटलीच्या काचेसारखे निळे, आणि त्यांवर सील पिल्लं घेऊन पहुडलेले. मग समोरच्या भिंतीतून एक कडा सुटून खाली आला, पूर्ण शांततेत. पाण्याचा फवारा उडालेला दिसला आणि त्यानंतर गडगडाट कानावर आला. अंतर इतकं होतं. बाल्कनीत पडदे, दुभाजक आणि शेजाऱ्याचं डोकं असतं मधे. तेच पैसे व्हेलच्या बोटीवर घाला.

कडेकपारी
तुम्ही तासभर वाऱ्यात उभे राहू शकता, रेवाच्या सासूबाई राहू शकतील का? त्यांना थंडी सोसत नाही हे पहिल्याच पोस्टमध्ये आहे. दोन मिनिटं बाहेर, दहा मिनिटं आत, हे फक्त बाल्कनीत जमतं.

रेवा_एम
हे पटलं. सासूबाई ६९, गुडघे बरे आहेत पण जिने नकोत. म्हणजे त्यांना बाल्कनी आणि आम्हाला आतली, असं करता येईल? जहाज हलण्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

अभि_बेलव्ह्यू
करता येईल, समोरासमोरच्या खोल्या मागा.
हलण्याबद्दल : कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधून जातात, पाणी बरंच शांत. सिएटलची जहाजं बहुधा बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. जाताना पहिला दिवस आणि येताना शेवटचा टप्पा हलू शकतो. एकदा आत शिरलं की शांत. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर नक्कीच विचारा. शक्य असेल तर व्हँकुव्हरचंच जहाज बघा, असं मी म्हणेन.

टोमॅटोचं_सार
जेवण : बुकिंगनंतर लगेच कंपनीला 'इंडियन व्हेजिटेरियन' कळवा, जैन असेल तर तेही. पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून आठवण करा, मग तो दुसऱ्या दिवसाचं आदल्या रात्री विचारून ठेवतो. डाळ-भात-भाजी ठीक असते. तिखट कमी म्हणून लसणाची चटणी, मेतकूट आणि लोणचं न्या. किटली नेऊ नका, बहुतेक कंपन्या सुरक्षा तपासणीत काढून घेतात. बंदरावर उतरताना फळं, घरचं उघडं अन्न खाली न्यायला मनाई असते, बंद पाकीट चालतं बहुधा. दशम्या केल्यात तर पहिल्या दोन दिवसांत संपवा.

पमाकाकू
दशम्या दुधात भिजवल्या तर टिकत नाहीत. तेल-मिठाच्या पुऱ्या टिकतात चार दिवस. स्कॅगवेला रेल्वे करा हो सगळ्यांनी! सोन्याच्या शोधात लोक कॅनडातल्या क्लोंडाइककडे धावले तेव्हा १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली. तीन फुटी रूळ, कड्याच्या कडेने वर चढते. जागेवरून उठायचं नाही, खिडकीतून बघायचं, गुडघ्यांना काही त्रास नाही.

नीलमोहर
सगळं वाचलं. एक विचारते, कोणीच विचारलं नाही म्हणून. पासपोर्ट कुठले आहेत सगळ्यांचे? आणि सासू-सासऱ्यांकडे कॅनडाचा व्हिसा आहे का?

रेवा_एम
आम्ही दोघं ग्रीन कार्ड, मुलं इथली. सासू-सासरे पुण्याहून येतील, भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. अलास्का अमेरिकेतच आहे ना? कॅनडा फक्त व्हिक्टोरिया, तेही शेवटच्या संध्याकाळी. तिथे आम्ही उतरणारच नाही, जहाजावरच बसू. एजंटने या विषयावर एक शब्द काढलेला नाही.

नीलमोहर
उतरा किंवा उतरू नका, जहाज कॅनडाच्या बंदराला लागतं. कंपनी कागद सिएटलच्या धक्क्यावर, चेक-इनलाच तपासते. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, अमेरिकेचा व्हिसा असला तरी. नसेल तर चढू देत नाहीत आणि पैसे परत मिळत नाहीत. माझ्या आईला तिथूनच माघारी यावं लागलं. बाबांचा जुना व्हिसा होता, तरी ते तिला सोडून गेले नाहीत. आम्ही चौघंही सामानासकट टॅक्सीत बसलो. म्हणून कळकळीने लिहितेय, रविवारच्या ऑफरपेक्षा हे आधी बघा.

तुम्हा दोघांना व्हिसा नको, पण भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही सोबत हवीत, मुदत बघून घ्या.

सह्यवारी
मग व्हिक्टोरियाला न थांबणारं जहाज घ्या, सोपं आहे.

दर्यासारंग
मोठी जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या झेंड्यांखाली नोंदलेली असतात. अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे : परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून, अमेरिकी बंदरं करून परत यायचं असेल तर मधे एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. व्हिक्टोरियाचा थांबा त्यासाठीच. २०२१ मध्ये कॅनडाने बंदरं बंद ठेवली तेव्हा अमेरिकी संसदेला तात्पुरता कायदा करून सूट द्यावी लागली. व्हिक्टोरिया नसेल तर दुसरं कॅनडाचं बंदर असेल. अमेरिकी झेंड्याच्या लहान बोटी आहेत, पण त्यांचे दर ऐकून बसा.

म्हणजे अभिने सुचवलेलं व्हँकुव्हरही व्हिसाशिवाय नाहीच.

अभि_बेलव्ह्यू
बरोबर. मी पासपोर्ट विचारायला हवे होते त्याआधी.

डेटाबेस_दादा
आम्ही एच-१बीवर (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर) आहोत, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे. आम्हाला ही क्रूझ करता येईल का?

नीलमोहर
कॅनडात तीस दिवसांच्या आत जाऊन परत येणार असाल आणि आय-९४ वैध असेल तर संपलेल्या शिक्क्यावरही अमेरिकेत परत घेतात, त्याचे नियम आहेत, वकिलाकडून खात्री करा. पण कॅनडाचा व्हिसा तुम्हालाही लागेल.

उत्तरवारा
नॉर्वेला एका शेंगेन (युरोपच्या सामायिक) व्हिसावर काम झालं असतं.

सह्यवारी
त्या शेंगेनची अपॉइंटमेंट मिळायला काय लागतं ते मुंबईत विचारा. आमचा उन्हाळा त्यात गेला.

रेवा_एम
डेटाबेस_दादा, वेगळा धागा काढाल का प्लीज, माझं राहून जाईल. आज कंपनीला स्वतः फोन केला. व्हिसा लागणारच, जहाजावर बसून राहिलं तरी. सासऱ्यांना रात्री सांगितलं, ते म्हणाले व्हिसासाठीचे बोटांचे ठसे पुण्यातच देऊ. आता प्रश्न : ते मेच्या मध्यावर निघतात. अर्जात पासपोर्ट अडकला तर? आणि रविवारी बुकिंग करू की नको?

नीलमोहर
अर्ज ऑनलाइन करा, आजच. ठशांसाठी पुण्याच्या केंद्राची वेळ घ्या, दहा वर्षांत आधी दिले असतील तर पुन्हा लागत नाहीत. पासपोर्ट सुरुवातीला द्यावा लागत नाही, निर्णय झाला की शिक्क्यासाठी मागवतात. जोडायला : बँकेचे तपशील, घराची कागदपत्रं, पेन्शन, तुमचं निमंत्रणाचं पत्र, तुमच्या ग्रीन कार्डची प्रत आणि क्रूझचा दिवसवार कार्यक्रम. कार्यक्रमात व्हिक्टोरियाच्या ओळीखाली रेघ मारा, म्हणजे कॅनडात किती थोडा वेळ आहेत ते दिसेल.

बुकिंग करा, पण अनामत परत मिळणारी आहे का ते आधी बघा. ऑफरच्या दरात बऱ्याचदा ती परत मिळत नाही. परत मिळणाऱ्या दरात शेवटचा हप्ता साधारण अडीच-तीन महिने आधी असतो, तोवर रद्द करता येतं. त्या तारखेपर्यंत व्हिसा आला नाही तर रद्द करा आणि ऑगस्टच्या शेवटच्या जहाजांकडे बघा. तेव्हा पाऊस जास्त, पण नद्यांत सॅमन मासे चढलेले असतात आणि त्यांच्यामागे अस्वलं.

विम्यात हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च आणि आधीपासूनचे आजार आहेत का तेही बघा. जुनोला बाहेरून येणारा रस्ताच नाही, गंभीर काही झालं तर विमानानेच न्यावं लागतं.

रेवा_एम
ऑफरमधली अनामत परत मिळणारी नव्हती. सोडली. साध्या दराने दोन खोल्या घेतल्या, त्यांची बाल्कनी, आमची समोरची आतली, मधला भाग, सहावा मजला. पुण्याची वेळ पुढच्या बुधवारी सकाळची मिळाली. निमंत्रणाचं पत्र आज रात्री लिहितेय. कोणाकडे मसुदा असेल तर माझ्या विपूत (विचारपूशीत) टाका.