मनीप्लँटवर अन्याय नको

झाडावर चढलेल्या मनीप्लँटला कुणी ‘दुसऱ्याच्या जिवावर जगणारा पाहुणा’ म्हटलं, ते काही पटलं नाही. तो बिचारा झाडाचा फक्त आधार घेतो, अन्नपाण्याचं त्याचं तो बघतो. आंब्यावरची आमरी (ऑर्किड) पण तशीच. घरात असा एखादा काका असतो, खोली अडवतो पण कुणाच्या ताटातलं ओढत नाही.

दुसऱ्याच्या जिवावर जगण्याचा खरा नमुना म्हणजे बांडगूळ. पानं हिरवीगार, म्हणजे अन्न तयार करायची सोय आहे. तरी पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या फांदीत मुळं घुसवून घेणार. स्वतःला पगार चांगला, पण घरभाडं नि वीजबिल थोरल्या भावाच्या माथी, अशी माणसं आमच्या नात्यात आहेत. (नावं घेत नाही, इथे वाचणारे आहेत.) चिकटलेल्या जागी फांदीला गाठ येते आणि गाठीपुढचा भाग हळूहळू वाळत जातो. नुसती पानं खुडून भागत नाही, पुन्हा फुटतं. गाठीच्या खालून फांदीच छाटावी लागते, तीही बांडगुळाला फळं धरायच्या आत. नाहीतर फुलटोच्या पक्षी ती खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीला लावून मोकळा होतो.

अमरवेल त्याच्याही पुढची. नावाला पान नाही आणि दुसरं झाड सापडलं की जमिनीतलं मूळही सोडून देते, अन्नपाणी सगळं त्याच झाडाचं. पण मला तिचा तेवढा राग येत नाही, तिला दुसरं काही जमतच नाही. कुंपणावर दिसली तर ओढत बसू नका, राहिलेला तुकडा परत धरतो. वेढलेल्या फांद्यांसकट कापा आणि जाळून टाका.