चाडच्या सैन्याला सुखोई कशाला? टोयोटा पुरेशा होत्या

माळरान
२ जानेवारी १९८७ला आफ्रिकेतल्या चाड देशाच्या उत्तरेत ठाण मांडून बसलेल्या शेजारच्या लिबियाची अख्खी चिलखती ब्रिगेड फादा इथं एका दिवसात संपली. नव्वदच्या आसपास टी-५५ रणगाडे जळाले, वर तेरा चालू स्थितीत हाती लागले. चाडची १८ माणसं आणि तीन टोयोटा गेल्या.

हो, टोयोटा. लँड क्रूझर पिकअपच्या हौद्यात मशीनगन नाहीतर मिलान या रणगाडाभेदी क्षेपणास्त्राचा स्टँड बसवायचा, पाण्याची आणि इंधनाची पिंपं बांधायची आणि सुटायचं. लिबियाचे रणगाडे वाळूत मोर्चे करून बसलेले, हे ताफे बाजूनं आणि मागून घुसले. चाडचा सेनापती हसन जामूस. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो तोच हा: मुलूख ओळखीचा, ओझं कमी, वार करून निघायचं.

आणि ज्या देशानं हे करून दाखवलं, त्यानं पुढं युक्रेनकडून सुखोई-२५ ही हल्ल्याची विमानं घेतली. पैसा तेलाचा. २००३ला तेल सुरू झालं तेव्हा जागतिक बँकेची अट होती की हा पैसा शाळा, दवाखाने, पाणी यांवर जाईल आणि १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी वेगळे राहतील. २००५च्या डिसेंबरात कायदाच बदलला. पुढच्या पिढ्यांचा निधी गेला, अग्रक्रमाच्या यादीत 'सुरक्षा' आली. जिथं बाळंतपणात इतक्या बाया दगावतात, तिथं हे करणं मला पाप वाटतं.

फुलीवर_नजर
माळरान, तुमची कळकळ पटते, पण फादाचा धडा तुम्ही अर्धाच घेतलात. मी पायदळात अँटी-टँक प्लाटूनमध्ये मिलान चालवलंय. (आपल्याकडं ते हैदराबादला भारत डायनॅमिक्समध्ये परवान्यावर बनायचं.) क्षेपणास्त्रामागून तार सुटत जाते. दोन किलोमीटर जायला बारा-साडेबारा सेकंद लागतात. तेवढा वेळ साइटमधली फुली रणगाड्यावरून ढळू द्यायची नाही. डोळ्यात घाम उतरला तरी पुसायचा नाही. आणि सोडताना उडालेली धूळ समोरच्याला तुमची जागा दाखवत असते. म्हणजे तुमची ती पळणारी टोयोटा नेमकी त्या घडीला जागच्या जागी उभी असते.

अशा वेळी डोक्यावर विमान नको. फेब्रुवारी १९८६मध्ये उत्तर चाडमधल्या वादी दूम या लिबियाच्या तळाची धावपट्टी फोडली फ्रान्सनं. जानेवारी ८७मध्ये तिथलं रडार उडवलं तेही फ्रान्सनं. लिबियाची विमानं खाली यायला कचरत, कारण चाडच्या सैनिकांच्या खांद्यावर अमेरिकेनं दिलेली रेडआय विमानवेधी क्षेपणास्त्रं होती. ७ सप्टेंबर ८७ला राजधानी एन्जामेनावर आलेलं लिबियाचं तुपोलेव-२२ बाँबफेकी विमान फ्रेंच तुकडीच्या हॉक क्षेपणास्त्रानं पाडलं. मिलानसुद्धा फ्रान्सचंच. तेव्हाचं छत्र उसनं होतं. जानेवारी २०२५च्या अखेरीस फ्रेंच फौज चाड सोडून गेली. आता छत्र कोणाचं?

उत्तरा
मी फुलीवर यांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. स्वस्त हत्यार सगळ्यांनाच स्वस्त पडतं. १९९०मध्ये, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले इद्रिस देबी सुदानमधल्या दारफूरकडून असेच ताफे घेऊन आले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एन्जामेना घेतलं. फेब्रुवारी २००८मध्ये त्याच देबींवर तीच पाळी आली. सुदानच्या सरहद्दीकडून निघालेले बंडखोर पिकअपमधून थेट राजवाड्याच्या आसपास पोचले. शहरात लढाई झाली, रणगाडे आणि हल्ल्याची हेलिकॉप्टरं वापरून त्यांना मागं रेटावं लागलं. एप्रिल २०२१मध्ये लिबियातून आलेल्या बंडखोरांशी लढताना देबी जखमी होऊन वारले. ज्या राज्यकर्त्यानं हे भोगलंय त्यानं विमानं घेऊ नयेत असं म्हणणं आपल्याला इथं बसून सोपं आहे.

माळरान
उत्तराताई, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत! २००८ला जे आले ते परके नव्हते, त्यांतले कितीतरी कालपर्यंत देबींच्याच सैन्यात होते. जामूसचं काय झालं? फादा जिंकून देणाऱ्या माणसाला १९८९मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष हबरे याच्या माणसांनी पकडलं, तो जिवंत सुटला नाही. त्या हबरेला २०१६मध्ये डाकारच्या न्यायालयानं मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप दिली. सरकार आपल्याच माणसांना भीत असेल तर सुखोई घेऊन ती भीती जाते का? आणि मार्च २०२०मध्ये चाड सरोवराच्या बोमा बेटावर बोको हराम या जिहादी संघटनेनं नव्वदच्या वर सैनिक मारले. तेव्हा विमानं होतीच की.

फुलीवर_नजर
बोमाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथं हल्ला तासन्‌तास चालला आणि मदतीला निघालेल्यांवरही मार बसला. बेटावरच्या चौकीला पिकअपचा उपयोग काय? तिथं होड्या हव्यात, रात्री उडू शकणारी हेलिकॉप्टरं हवीत, जखमींना उचलायची सोय हवी. सुखोई चुकीची खरेदी असेल, मान्य. म्हणून 'टोयोटा पुरे' हे बरोबर ठरत नाही. त्या चौकीतल्या पोरांना असं तोंडावर सांगता येईल का तुम्हाला?

वाळवंटी_वाट
सगळे गाड्या आणि विमानांवर बोलताय. गाडी ताशी शंभरनं पळवली की भूसुरुंग मागं फुटतो, ही टोयोटांची दंतकथा फार प्रेमानं सांगितली जाते. २२ मार्च १९८७ला वादी दूम घेताना चाडची कितीतरी माणसं सुरुंगांवरच गेली. तळ जिंकला, लिबियाचं रशियन बनावटीचं मी-२५ हेलिकॉप्टर मिळालं (पुढच्या वर्षी अमेरिकेनं ते चिनूक या मालवाहू हेलिकॉप्टरला टांगून नेलं), लिबियाचे सेनाधिकारी खलिफा हफ्तार कैद झाले. सुरुंग मात्र तिथंच राहिले. अजून आहेत. लढाई संपल्यावर जन्मलेल्या गुराख्यांचे पाय त्यांनी घेतलेत. शोधयंत्र हातात घेऊन गुडघ्यांवर बसून वीत-वीत जमीन तपासणारी माणसं, हीसुद्धा सैन्याची सामग्रीच समजा आणि खरेदीच्या यादीत आधी घाला.

उत्तरा
सुरुंगांचं मनापासून पटलं. हेलिकॉप्टरांवर मी ठाम आहे.

माळरान
होड्या आणि जखमींना उचलायची हेलिकॉप्टरं, तेवढं मी मागं घेतो. बोमाचा मी तसा विचार केला नव्हता. पण पुढच्या पिढ्यांच्या १० टक्क्यांवर अजिबात नाही. तो पैसा सैन्याचा नव्हताच.