सॅलॅमँडरच्या एका प्रजातीच्या दहा करायचं आता थांबवायला हवं का?

डोहकाठ:
माझं मत, हो. शेपूटवाले उभयचर म्हणजे सॅलॅमँडर, त्यांची साधारण १० कुळं आणि आज ८०० च्या आसपास प्रजाती मानतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या प्लेथोडोंटिडी कुळात, म्हणजे ज्यांना फुप्फुसंच नाहीत, कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वास घेतात ते. पण हा आकडा वाढतोय तो सगळा जंगलात नवीन प्राणी सापडले म्हणून नाही. स्लायमी सॅलॅमँडर घ्या, काळाभोर, अंगावर चुना उडाल्यासारखे पांढरे ठिपके, हातात धरला की डिंकासारखा चिकट द्रव सोडतो जो धुतला तरी लवकर जात नाही. १९८९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड हायटन आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांमधल्या फरकांवरून या एकाच प्रजातीच्या डझनाहून जास्त केल्या. त्यातले कित्येक समोर ठेवले तरी ओळखू येत नाहीत, कुठे सापडला ते विचारावं लागतं. जी प्रजाती बघून ओळखता येत नाही तिचा उपयोग काय?

ओलमाती:
अजिबात पटलं नाही. चीनच्या महाकाय सॅलॅमँडरचं काय झालं बघा. कितीतरी वर्षं सगळे एकच प्रजाती म्हणून धरले, व्यापारी पैदाशीसाठी वेगवेगळ्या नद्यांमधून आणून एकत्र पाळले, त्यांचा संकर झाला आणि वर संवर्धन म्हणून तेच परत नद्यांत सोडले. २०१८ मध्ये जनुकं तपासली तर निदान पाच वेगळे वंश निघाले, लाखो वर्षांपूर्वी फुटलेले. तोपर्यंत रानातले जवळपास संपले होते, ९७ ठिकाणी शोधलं तर फक्त ४ ठिकाणी सापडले. २०१९ मध्ये त्यातल्या एकाला १९२४ चं जुनं नाव परत मिळालं, अँड्रियास स्लिगोई. डोळ्यांवर भरवसा ठेवल्याची ही किंमत आहे.

डोहकाठ:
ते वाईटच झालं, मान्य. पण मग एन्सॅटिना नावाच्या सॅलॅमँडरचं काय करणार? कॅलिफोर्नियाच्या मधल्या कोरड्या खोऱ्याला वळसा घालून हा दोन्ही बाजूंनी पसरलाय, किनाऱ्याकडचे साधे तपकिरी-नारिंगी, डोंगराकडचे ठिपक्यांचे आणि पट्ट्यांचे. वर्तुळाच्या कडेने शेजारी शेजाऱ्यांशी जुळत जातात, आणि दक्षिणेला दोन टोकं समोरासमोर आली की काही ठिकाणी अगदी क्वचित, काही ठिकाणी संकर होतच नाही. प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९४९ मध्येच हे मांडलं होतं. टोकं बघा तर दोन प्रजाती, मधली साखळी बघा तर एक. इथे रेघ कुठे मारायची? कुठेही मारली तरी ती आपलीच, निसर्गाची नाही.

शेवाळ:
मधेच बोलतो, रंगरूपावर एवढा विश्वास नको. उत्तर अमेरिकेतला पूर्वेकडचा न्यूट पाण्यात जन्मतो, मग भडक नारिंगी-लाल होऊन काही वर्षं जमिनीवर पालापाचोळ्यात फिरतो, कातडी खरखरीत, आणि मोठा झाला की हिरवट होऊन, शेपटीला पंखासारखी कड फुटून परत तळ्यात जातो. एकेकाळी या लाल पोराला वेगळी प्रजाती समजून नावसुद्धा दिलं होतं! तसंच न्यूट आणि सॅलॅमँडर असे दोन गट समजतात तेही चूक, न्यूट हे सॅलॅमँड्रिडी कुळातलीच एक फांदी आहेत, म्हणजे सगळे न्यूट सॅलॅमँडरच.

डोहकाठ:
न्यूटचं पटलं, पण तो घोळ सुटला तो प्राणी वाढताना बघून, जनुकांनी नाही. आणि वंश वेगवेगळे जपायला माझा विरोध कुठेय? नद्यांमधले प्राणी मिसळू नका एवढं सांगायला नवीन नाव कशाला लागतं, एका प्रजातीत राहूनही ते करता येतं.

ओलमाती:
करता येतं, पण करत नाहीत ना! संरक्षणाच्या याद्या प्रजातीच्या नावाने होतात, यादीत नाव एकच होतं म्हणूनच कुठल्या नदीचा कुठे सोडला हे कुणी बघितलं नाही. एन्सॅटिनाची रेघ मारता येत नसेल तर नका मारू, तिथे खरंच साखळी आहे. पण त्या पाच वंशांमध्ये कुठली साखळी होती?