अनुभव धागा: ठाणे–नवी मुंबईतला टोल कुणाला, कुठे आणि किती परवडतो

खाडीकाठ (ऐरोली), धागाकर्ता

१५ ऑक्टोबर २०२४ पासून वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन्ही आणि दहिसर या मुंबईच्या पाच वेशींवर मोटारींचा ४५ रुपये टोल बंद झाला. तरी आपल्या भागातल्या माणसाचा टोल सुटलेला नाही. अटल सेतू आहे, नाशिककडे जाताना पडघा आहे, पुण्याकडे खालापूर आहे आणि आता समृद्धी महामार्गाचं आमणेही आहे. नाक्याजवळ राहणारे, रोज ये-जा करणारे, मालवाहतूकवाले, सगळ्यांनी लिहा. फक्त आकडे आणि कामाची माहिती हवी. ‘टोल म्हणजे लूट’ एवढंच म्हणायचं असेल तर त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप आहे.

कोपरीकर

आनंदनगरला, म्हणजे मुलुंडच्या दोन नाक्यांपैकी एकावर, टोल गेला, नाका राहिला. रस्ता बूथसाठी फुगतो आणि पुढे लगेच आवळतो. पैसे घ्या किंवा घेऊ नका, दहा रांगांतल्या गाड्या चार रांगांत शिरताना खोळंबा होणारच. त्यात अवजड गाड्यांना टोल अजून आहे, म्हणजे त्यांच्या रांगा आणि मोटारींचा मोफत ओघ एकाच जागी कापला जातो. मोटारवाल्याने करायचं ते इतकंच: नाक्याच्या बरंच आधी आपली मार्गिका धरायची आणि बूथच्या तोंडाशी ती बदलायची नाही. शेवटच्या क्षणी ट्रकच्या रांगेतून बाहेर पडणारी एक मोटार मागची सगळी रांग थांबवते.

उलवे ते शिवडी

अटल सेतूचं गणित बहुतेक जण चुकीच्या टोकापासून करतात. मोटारीला एकेरी २५० रुपये, ये-जा ३७५, दिवसाचा पास ६२५, महिन्याचा १२,५०० आणि वर्षाचा १,२५,०००. मासिक पास नाव ऐकायला स्वस्त वाटतो, पण १२,५०० ला ३७५ ने भागा: तेहतीसच्या थोडं वर येतं. म्हणजे महिन्यात ३४ वेळा ये-जा केली तरच पास फायद्याचा. नोकरदार माणूस महिन्याला फार तर २६ दिवस जातो, त्याचे ९,७५० होतात. सरळ ये-जाचा दर लागू द्यावा, पासच्या वाटेला जाऊ नये. वार्षिक पास म्हणजे दहा महिन्यांच्या पासाची किंमत, तोही वर्षाला ३३४ ये-जा झाल्याशिवाय वसूल होत नाही. दिवसाचा पास मात्र कामाचा आहे. एकाच दिवसात दोनदा ये-जा असेल तर ७५० ऐवजी ६२५ पडतात.

शिवाजीनगरला, म्हणजे उलव्याच्या बाजूला उतरलात तर एकेरी २००. पूर्ण २५० गव्हाणपर्यंत गेलं तर.

आता परवडतं का? पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर किलोमीटरला सात रुपये जातात. वाशीमार्गे जाण्यापेक्षा दहा किलोमीटर वाचले तर इंधनाचे ७० सुटले. उरलेले १८० तुम्ही वेळेसाठी मोजता. पाऊण तास वाचला तर तासाला २४० रुपये पडले, वीस मिनिटंच वाचली तर तासाला ५४०. सीएनजीवाल्याचा किलोमीटर बराच कमी खर्चाचा असतो, त्यामुळे त्याच्यासाठी सेतू आणखी महाग. फोर्ट, शिवडी, माझगाव, परळ इकडे जाणाऱ्याला सेतू पटतो. बीकेसी किंवा सायनला जाणाऱ्याला नाही, कारण शिवडीला उतरून पुन्हा उत्तरेला यायचं म्हणजे वाचलेला वेळ तिथेच परत द्यायचा. आणि दुचाकी, रिक्षा यांना सेतूवर प्रवेशच नाही, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

खाडीकाठ (धागाकर्ता)

आणि इलेक्ट्रिक?

उलवे ते शिवडी

इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर टोल माफ आहे. मालवाहू इलेक्ट्रिक गाड्या त्यात येत नाहीत. फास्टॅग तरीही काचेवर हवाच, कारण माफी टॅग वाचूनच लागते. पैसे कापले गेले तर त्याच दिवशी टॅगच्या बँकेकडे आरसीची (नोंदणीपत्राची) प्रत जोडून तक्रार करा. टॅगवर नोंदलेला गाडीचा क्रमांक आरसीशी अक्षरन् अक्षर जुळतो का, ते आधी पाहून घ्या.

टॅगदुरुस्ती (घणसोली)

निम्म्या तक्रारी टोलच्या नसतात, टॅगच्या असतात. म्हणून सविस्तर लिहितो.

टॅग आतून, काचेच्या मध्यावर, आरशाच्या मागे चिकटवायचा. डॅशबोर्डवर ठेवलेला किंवा हातात धरून दाखवलेला टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो. काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर लहरी अडतात. तेवढ्या भागाची फिल्म कापून मग टॅग लावा. जुन्या टॅगवर नवा चिकटवू नका. दोन्ही वाचले जातात किंवा एकही नाही. जुना काढायला हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यातून सोलायचा. सोलला की त्याची तार तुटते, तो परत चालत नाही. एका गाडीला एकच टॅग हा नियम आहेच, तेव्हा जुना बँकेकडून बंद करून घ्या. गाडी विकली तर त्याच दिवशी, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.

नवी गाडी घेताना शोरूमवाला चासी क्रमांकावर टॅग देतो. नोंदणी क्रमांक आला की तो ९० दिवसांच्या आत टॅगला जोडायचा. हे राहिलं की टॅग अडकतो, आणि ते कळतं नाक्यावर.

सगळ्यात जास्त घोळ शिलकीचा. १७ फेब्रुवारी २०२५ पासूनचा नियम असा, की नाक्यावर टॅग वाचायच्या आधी ६० मिनिटांहून जास्त वेळ तो (शिल्लक संपल्यामुळेही) काळ्या यादीत असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांतही तसाच राहिला, तर व्यवहार नाकारला जातो. नोंदीत १७६ हा क्रमांक दिसतो आणि दंडासह पैसे पडतात. म्हणून रांगेत उभं राहून मारलेल्या रिचार्जवर विसंबू नका. बँकेकडून नाक्यापर्यंत ती माहिती पोचायला वेळ लागू शकतो. घरून निघतानाच शिल्लक बघा. तरीही चुकलं तर वाचनानंतरच्या दहा मिनिटांत रिचार्ज करा, मग दंडाची रक्कम परत मागता येते.

उलटी बाजूही माहीत असू द्या. राष्ट्रीय महामार्गावर टॅग चांगला, शिल्लक पुरेशी, पण नाक्याचंच यंत्र बंद असेल तर पैसे न घेता शून्य रकमेची पावती देऊन गाडी सोडायची, असा २०१८ चा नियम आहे. शांतपणे शून्य पावती मागा. राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी १०३३ आहे. आणि तो १०० मीटरच्या पिवळ्या रेषेचा निरोप फिरवणं बंद करा. रांग रेषेपलीकडे गेली की टोल माफ, ही २०२१ ची तरतूद मागे घेतली गेली आहे.

पडघा लोकल

नाशिक महामार्गावरच्या पडघ्याच्या नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी मासिक स्थानिक पास मिळतो. २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपयांचा होता. दर १ एप्रिलला महागाई निर्देशांकाप्रमाणे थोडा वाढतो. आरसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि आरसीवरचा पत्ताही त्याच परिघातला असला तर अडत नाही. ठाणे शहर परिघाबाहेर पडतं. शिवाय सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर हा पास नाकारता येतो, ही मेख नियमातच आहे.

दुसरा पर्याय राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक पास, १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा: २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. इथे फेरी म्हणजे एक नाका ओलांडणं. ठाणे–नाशिक जाऊन-येऊन पडघा आणि घोटी धरून चार फेऱ्या खर्च होतात. एका नाक्याला सरासरी १०० रुपये धरले तर ३० नाक्यांत पैसे वसूल, म्हणजे नाशिकच्या आठ वाऱ्या. घोडबंदरवरून गुजरातकडे जाणाऱ्यांना खानिवडे आणि चारोटीलाही तो चालतो. पण रोज पडघा ओलांडून नोकरीला जाणाऱ्याच्या २०० फेऱ्या चार महिन्यांत संपतात. तो परिघात राहत असेल तर त्याला ३५० चा मासिकच बरा, वर्षाचे ४,२०० झाले तरी.

वार्षिक पास राजमार्गयात्रा अ‍ॅपवरून घ्यायचा. पैसे टॅगच्या शिलकीतून जात नाहीत, वेगळे भरावे लागतात, आणि परत मिळत नाहीत. द्रुतगती महामार्ग, समृद्धी आणि अटल सेतू हे राज्याचे, तिथे हा पास चालत नाही. वार्षिक पास आहे म्हणून शिल्लक शून्य ठेवून खालापूरला गेलात तर तिथे मोटारीचा टोल दुप्पट होऊन बसेल.

तुर्भे मालधक्का

ट्रकवाल्यांचा टोल कुणी माफ केला नाही. १ ऑक्टोबर २०२३ च्या वाढीत वेशीवर ट्रक आणि बसला १५० आणि बहुअक्षी गाडीला १९० झाले. तरी खरं सांगायचं तर भाड्यात टोल जड नाही. नऊ टन माल भरलेल्या ट्रकचे १५० रुपये म्हणजे किलोला दोन पैशांहून कमी. एपीएमसीतला कांदा टोलमुळे महाग होत नाही. गाडी रांगेत उभी राहिली, प्रवेशबंदीची वेळ सुरू झाली आणि माल दुसऱ्या दिवशी उतरला, तो खर्च टोलच्या कितीतरी पट असतो. बिल्टीवर टोल वेगळा दाखवायला सांगा. भाड्यात गुंडाळला की परतीच्या रिकाम्या गाडीचा टोलही तुमच्याच माथी येतो.

छोट्या टेम्पोवाल्यांनी टॅगचा वर्ग तपासावा. रस्त्यावरच्या छत्रीखाली घेतलेला टॅग पुष्कळदा मोटारीच्या वर्गाचा, व्हीसी-४ चा असतो. नाक्यावरचं यंत्र आकार आणि अक्ष मोजतं, दोन्ही जुळले नाहीत की फरक वसूल होतो आणि टॅग अडतो.

खिडकीवाला (आनंदनगर)

नाक्याजवळ घर घेणाऱ्यांसाठी. गाडी सलग जाते तिथे आवाज एकसारखा असतो. नाक्यापाशी ब्रेक, हवेचा फुसकारा, पहिला गिअर आणि हॉर्न असतात, आणि झोप मोडते ती या चढ-उतारामुळे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट झालं तर रहदारीचा आवाज साधारण ३ डेसिबलच उतरतो, म्हणून ‘दोन इमारती सोडून आत’ यावर भुलू नका. मध्ये भिंत किंवा दुसरी इमारत आहे का, ते महत्त्वाचं. वरचा मजला शांत असतो हाही गैरसमज. जिथून रस्ता दिसतो तिथे तो ऐकू येतोच.

सरकत्या खिडक्या फटींतून गळतात. पुढे उघडणारी, रबराची पट्टी असलेली चौकट आणि लॅमिनेटेड काच हा खर्च आधी झोपायच्या खोलीला करा. घर बघायला रविवारी दुपारी नेतात, तुम्ही कामाच्या दिवशी रात्री अकरानंतर जा.

वसुली की मुदत

आता टोल कधी संपतो यावर. वेशीवरचा टोल मुंबईतल्या ५५ उड्डाणपुलांसाठी होता. लोकांना वाटतं खर्च वसूल झाला की टोल बंद. पण २०१० मध्ये दिलेलं कंत्राट रकमेचं नव्हतं, मुदतीचं होतं: २,१०० कोटी आधी घ्यायचे आणि १६ वर्षं वसुली कंत्राटदाराकडे. रहदारी वाढली तर नफा त्याचा. चूक तिथे होती. मोटारींना माफी दिल्यावर तो पैसा हवेत विरला नाही, कंत्राटदाराला भरपाई द्यावीच लागते, म्हणजे तो भार कुणावर तरी येतोच.

दुसरी चूक जागेची. केंद्राच्या २००८ च्या नियमांत नाका साधारणपणे पालिका हद्दीपासून १० किलोमीटर लांब आणि दोन नाक्यांत ६० किलोमीटर अंतर हवं असं आहे. वेशीवरचे नाके राज्याचे, तिथे तो नियम लागत नव्हता. म्हणून कोपरीहून मुलुंडला भाजी आणायला जाणारा आणि पुण्याहून दादरला जाणारा, दोघांनाही ४५ च.

आमणे फाटा

त्यापेक्षा समृद्धीची पद्धत बरी, किलोमीटरप्रमाणे. मोटारीला २.०६ रुपये, ७०१ किलोमीटरचे साधारण १,४४५. आमणे–इगतपुरीचे ७६ किलोमीटर म्हणजे १५७ च्या आसपास. पैसे बाहेर पडताना कापले जातात, त्यामुळे चढताना फाटक उघडलं म्हणून शिल्लक आहे असं समजू नका. नागपूरहून येणाऱ्याची शिल्लक आमण्याला कमी पडली तर मागे वळायला जागा नसते. आणि तिथून ठाण्याकडे वडप्यापर्यंत वाचवलेला वेळ पुढे माजिवड्यापर्यंतच्या कोंडीत जाऊ शकतो, तेव्हा संध्याकाळी सहा ते नऊ टाळून उतरा.