मुंबई सिटीला ‘भाड्याचा संघ’ म्हणणाऱ्यांसाठी

अंधेरीचा_निळा:
मोहन बागानवाले हिरवा_मरून यांची कालची पोस्ट वाचली. इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ च्या एकाच हंगामात शिल्ड आणि कप दोन्ही मारलेत, आनंद करा, हक्काचा आहे. पण शेवटी जी मळमळ ओकली आहे ती वाचून गप्प बसवेना. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: लीगच्या तक्त्यात पहिलं आल्यावर मिळणारी शिल्ड हाच खरा मान, मुंबईचा २०२४ चा बाद फेरीतला कप म्हणजे लॉटरी, मुंबई सिटी हा अबूधाबीच्या पैशांवर उभा राहिलेला भाड्याचा संघ, मुंबईत फुटबॉल कुणाला कळत नाही, आणि बंगळुरूकडून पाच गोल खाल्ले ते बरंच झालं.

पाच गोलांपासूनच घ्या. ११ मार्च २०२५ ला बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर आम्ही २-० जिंकून सहावी, म्हणजे प्लेऑफची शेवटची जागा पकडली आणि २९ मार्चला प्लेऑफमध्ये त्याच मैदानावर ०-५. टीव्ही बंद केला नाही, पाचही पाहिले. त्यातला एक डियाझचा. आमचाच डियाझ! २०२४ ला कोलकात्यात तुमच्याविरुद्ध फायनलला बरोबरी साधली तोच. हंगाम मार्चमध्ये गेला असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की तो २०२४ च्या उन्हाळ्यातच गेला होता. डियाझ, नोगेरा आणि कप्तान भेके, तिघेही बंगळुरूला. आपुइया तुमच्याकडे. ग्रेग स्टुअर्ट हंगामाच्या मध्यातच स्कॉटलंडला परतला होता, तोही फिरून तुमच्याकडेच. चॅम्पियन संघाचा कणा काढून घेतला आणि त्या जागी आलेल्यांकडून तीच पासिंग, तोच प्रेस मागायचा. कोच क्रात्कीला शिव्या घालणं सोपं आहे. मी मालकांना घालतो.

आता लॉटरी. १५ एप्रिल २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक मैदान, शिल्डसाठी आम्हाला नुसता ड्रॉ पुरत होता, १-२ हरलो. तुमचे ४८ गुण, आमचे ४७. शिल्ड तुमची, वाद नाही. मग ४ मे, कपची फायनल, तेच मैदान, तेच साठ हजार लोक तुमचे. तुमच्या कमिंग्जने हाफटाइमच्या तोंडावर गोल केला. नंतर आमचे डियाझ, बिपिन, आणि इंज्युरी टाइममध्ये वोयतुस. १-३. याला लॉटरी म्हणायचं असेल तर २०२२-२३ चं सांगा. शिल्ड आमची, ४६ गुण. तुम्ही तिसरे, ३४ गुण. बारा गुण मागे राहून कप कुणी उचलला आणि मिरवणुका कुणी काढल्या?

हिरवा_मरून:
एवढं लांब उत्तर आलं म्हणजे नेमकं लागलं. २०२४-२५ ला ५६ गुण साहेब. ५६. ही लॉटरी सतरा वेळा लागत नाही.

आणि कणा काढून घेतला म्हणून रडता? खेळाडू मोठ्या क्लबकडे येतात. आपुइयाला कुणी पळवून आणलं नाही. मुंबईत फुटबॉल कळत नाही या वाक्यावर मी ठाम आहे. माझे वडील नोकरीच्या काळात मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही जुनी स्पर्धा बघायला जायचे. मोहन बागानचा सामना असला की निम्मी गर्दी आमची असायची, तुमच्या शहरात. चौदा रोव्हर्स कप आहेत आमचे, तुमच्या दारात येऊन नेलेले. १९११ ला गोऱ्यांच्या संघाला हरवून आयएफए शिल्ड जिंकली, त्याबद्दल मी बोलतच नाही.

बारा_गावचा:
१९११ बद्दल बोलत नाही म्हणत बोललेच की. बागानचा माणूस ते वाक्य आल्याशिवाय पोस्ट संपवत नाही.

भाड्याचा संघ हे मात्र तुम्ही बोलू नये. एटीके ही कोलकात्याची टीम २०१४ साली जन्मली, अ‍ॅटलेटिको माद्रिदचं नाव पाठीशी घेऊन. २०२० मध्ये त्यांच्याच कंपनीने तुमच्यातले ८० टक्के घेतले आणि तुमच्याच समर्थकांना ‘एटीके हटवा’चे फलक धरावे लागले. आयता संघ, आयती लीगमधली जागा, आणि दुसऱ्याला भाडेकरू म्हणायचं?

हिरवा_मरून:
हटवलं ना? फलक धरले, ओरडलो, नाव बदलून घेतलं. तुमच्याकडे उद्या मालकांनी नाव बदललं तर ओरडायला माणसं किती जमतील ते सांगा. सात-आठ हजारांचं मैदान, तेही भरत नाही.

कूपरेज_गेट:
दोघेही थांबा जरा. मुंबईत फुटबॉल नाही म्हणणारा आणि मुंबईचं फुटबॉल २०१४ ला सुरू झालं असं वागणारा, दोघांचाही मला सारखाच राग येतो.

महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, डेरिक परेरा कोच. कोलकात्याचे दोन्ही मोठे त्या साली खाली. २०१० मध्ये कंपनीने शटर ओढलं. संघ वाईट खेळत होता म्हणून नाही, कुणाच्या तरी ताळेबंदात बसत नव्हता म्हणून. टाटा, एअर इंडिया, आरसीएफ, बँकांच्या टीम. पोराला नोकरी मिळायची, सकाळी सही, दुपारी सराव. आमच्या चाळीतले दोघे असेच स्थिरावले, फ्लॅट घेतले, मुलींची लग्नं केली. आज अकादमीच्या पोराला एकविसाव्या वर्षी सोडून दिलं की तो कुठे जातो?

तुम्ही ज्या भेकेसाठी रडताय तो सिटीने घडवला का? तो मुंबई एफसीत खालिद जमीलच्या हाताखाली तयार झाला. ती मुंबई एफसी कुठे आहे आज? कुणाला आठवते?

अंधेरीचा_निळा:
काका, भेके कुणी घडवला हा वाद मी घातलेलाच नाही. घालवला कुणी, एवढंच म्हणतोय. एप्रिल २०२२ ला एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया विरुद्ध विजयी हेडर कुणाचा होता? भेकेचा. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब आम्ही. शतकभर जुन्या क्लबांना जमलं नव्हतं ते.

बालेवाडी_अनाथ:
तुम्हाला भेके गेल्याचं दुःख आहे. आमचा आख्खा संघ गेला. एफसी पुणे सिटी, २०१७-१८ ला सेमीफायनल, २०१९ ला उचलून हैदराबाद. त्याआधी पुणे एफसी, शिवाजीयन्स, सगळे बंद. सहाव्या क्रमांकाचं दुःख करायला निदान क्रमांक तरी हवा.

पेठेतला:
वाचतोय मगासपासून. मुंबई काय, पुणे काय, अबूधाबी काय! महाराष्ट्रात फुटबॉल बघायचं असंल तर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला या भावांनो. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींची मॅच असली की दुपारी तीनपासून जागा धरायला लागतीय. गॅलरी भरली की लोक भिंतीवर. तिथं कुणी स्कार्फ वाटत नाही, कुणी डीजे लावून ‘मेक सम नॉइज’ म्हणत नाही. आमच्या तालमीतल्या पोराला बॉल लागला की आख्खी पेठ कळवळतीय. ह्याला म्हणत्यात ईर्षा.

अंधेरीचा_निळा:
आणि ती मॅच पूर्ण होते का?

पेठेतला:
काय म्हणायचंय ते सरळ म्हण.

अंधेरीचा_निळा:
सरळच म्हणतो. हाणामारी, दगड, पोलीस, स्पर्धा मध्येच थांबवलेली, हे सगळं वर्तमानपत्रात आलंय. ईर्षा म्हणून किती दिवस पोसायची? माझा मावसभाऊ एकदा तिथे मॅच बघायला गेला तो डोक्याला टाके घेऊन आला. कुठल्याच तालमीचा नव्हता बिचारा, पाहुणा म्हणून गेलेला.

पेठेतला:
तुझ्या मावसभावाला लागलं त्याचं वाईट वाटलं, खरंच. पण सभ्यपणाचं प्रमाणपत्र तू देऊ नको. डिसेंबर २०२३ ला अंधेरीत तुमच्या आणि बागानच्या एका मॅचला सात रेड कार्ड निघाली. सात! चार तुमची. त्यात भेके पण आला आणि गोल करणारा स्टुअर्ट पण. आमच्या तालमीत एवढी निघाली असती तर तू लेख लिहिला असतास.

हिरवा_मरून:
तीन आमची होती आणि त्यातली दोन चुकीची.

बारा_गावचा:
अर्थातच.

पेठेतला:
मुद्दा राहिलाच. अनिकेत जाधव आमचा. २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला. मुंबईहून कोल्हापूर एका रात्रीत येतं. सिटीच्या लोकांनी किती वेळा शाहू स्टेडियमला येऊन पोरं बघितली? मिझोराम-मणिपूरला जातात, चांगलंच आहे, छांगटे-बिपिन सोनं आहेत. पण वाटेत कोल्हापूर लागत नाही का?

कूपरेज_गेट:
मिझोरामच्या वाटेत कोल्हापूर? भूगोल तपासा.

पेठेतला:
काका, तुम्ही शटर मोजा.

राइटबॅकची_आई:
इथे सगळे पुरुष क्लबांच्या इतिहासावर भांडताय म्हणून एक चालू वर्तमान सांगते. माझा मुलगा तेरा वर्षांचा. एका अकादमीत घातला, वर्षाची फी एकरकमी भरली, किट वेगळं. आठवड्याला तीन दिवस कोनमधून बॉल नेतो, चांगला नेतो. सामने मात्र वर्षभरात बोटावर मोजण्याइतके. विचारलं तर सांगितलं, मैदान मिळत नाही. पावसाळ्यात तर टर्फवर फाइव्ह-अ-साइड, तिथे राइटबॅक, उजव्या बाजूचा बचावपटू, म्हणजे काय हेच मुलं विसरतात. धावायला बाजूची रेषाच नसते हो, जाळी असते.

पेठेतल्या दादांचं मला पटतं. पेठेतला मुलगा वर्षाला जितके खरे सामने खेळतो तितके माझा मुलगा फी भरूनही खेळत नाही. पण हाणामारी होते तिथे मी त्याला पाठवणार नाही, हेही तितकंच खरं. भाड्याचा की मालकीचा हे तुम्ही ठरवा. माझ्यासारखीला विचाराल तर ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी मुंबईत अकरा जणांचे सामने खेळवावेत.

पेठेतला:
ताई, पोराला मे महिन्यात घेऊन या. माझी जबाबदारी. भिंतीवर बसवत नाही.

हिरवा_मरून:
धागा मुंबई सिटीचा, चाललाय कोल्हापूरला. यावरूनच काय ते समजा.

अंधेरीचा_निळा:
बारा गुणांचं उत्तर टाळून तुम्हीच तिकडे गेलात. परत विचारतो. २०२३. तिसरा क्रमांक. कप खरा की खोटा?

हिरवा_मरून:
बरं बाबा, खरा. बारा गुण मागे राहून घेतला, आणि नाचलो. मग तुमचा २०२४ चाही खरा म्हणावा लागेल, म्हणतो. नियम असा करू या, आम्ही जिंकू ते मोठं. दोन्ही जिंकलो त्या वर्षी नियमच नको.

आणि एक सांगून ठेवतो, २०२४-२५ च्या लीगमध्ये तुमच्याशी दोन्ही वेळा २-२ झालं. सप्टेंबरला दोन गोलांची आघाडी होती आमची, घरी. नव्वदाव्या मिनिटाला तुमच्या क्रूमाने बरोबरी साधली. सहाव्या नंबरच्या टीमने एवढा त्रास द्यायचा नसतो.

अंधेरीचा_निळा:
हे वाक्य कालच्या पोस्टमध्ये घातलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

बारा_गावचा:
असत्य. तरीही लिहिलं असतंस. २०२१ च्या बागानविरुद्धच्या फायनलवर लिहायचं राहिलंय तुझं अजून.

अंधेरीचा_निळा:
ते तर लिहिणारच. गुण ४०-४०, आपसातल्या सामन्यांवर शिल्ड आमची. फायनलला अमेय रानवडेच्या डोक्याला मार लागून मैदानात अँब्युलन्स आली, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन. आणि तो रानवडे, मुंबईचा पोरगा, तोही ओडिशाला दिला. घरचा राइटबॅक दुसऱ्याला देऊन आपण बाहेर शोधत बसायचं, हे कुठल्या अबूधाबीत शिकवतात?

राइटबॅकची_आई:
हे माझ्या मुलाला वाचून दाखवू की नको?